हौशाच्या वीस गोळ्या

४ जानेवारी १९३७. अमरावती.
नव्या वर्षाची पहिली मोठी केस स्वतःच्या पायांनी चालत घरी आली. रिद्धपूरचे शालिकराम, संत्र्याच्या बागेच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा. भावकीतला आहे, म्हणजे दहा वर्षं मरण नाही. अट एकच. म्हातारा डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला चालला आहे, संक्रांत झाली की येणार. तोवर त्याचा आजारी कुत्रा माझ्याकडे. आल्यावर कुत्रा धड दिसला की वकीलपत्रावर सही. नाहीतर पलीकडच्या आळीत मोरोपंत वकील टपलेलेच आहेत.

कुत्र्याचं नाव हौशा. अंगात ताप, पोट खपाटीला गेलेलं. गुरांच्या डॉक्टरने वीस काळ्या गोळ्या दिल्यात. सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकल्या तर जनावर हाती लागणार नाही, म्हणे. गोळी कशी द्यायची ते म्हातारा बराच वेळ सांगत होता. मी दाव्याचे कागद चाळत होतो. सूचना ऐकणं हे कारकुनाचं काम. भाजीवाली माणिकबाई मात्र टोपली टेकवून ऐकत बसली. रिकामटेकडी.

निघताना शालिकरामने अंगणात वाकून मला चक्क दंडवत घातला. कुत्रा मध्येच आडवा पडला होता, तरी घातला. मी हात वर करून आशीर्वाद दिला. वकिलाची किंमत खेड्यातल्या माणसालाच कळते.

५ जानेवारी, सकाळी ७.
कुत्र्याला ऑर्डर लागते. पुण्याला लॉ कॉलेजात होतो तेव्हा एका साहेबाचा कुत्रा रोज पाहायचो. 'सिट' म्हटलं की बसायचा.

७.१०. सिट म्हटलं. हौशा आधीच आडवा होता, म्हणजे ऑर्डर अर्धी पाळली. गोळी पुढे केली. त्याने तोंड फिरवलं.

७.४०. गोळी दूधभाकरीत दडवली. भाकरीला तोंड लावलं नाही. दुधालाही नाही. मग्रूर आहे लेकाचा.

बायको, चारुशीला, म्हणाली, जरा गोडीने बोलून बघा. मी म्हटलं, गोडीने मी हायकोर्टाशीसुद्धा बोलणार नाही. हायकोर्टात अजून गेलेलो नाही, हा मुद्दा वेगळा.

६ जानेवारी.
बळाचा वापर. चारुशीलेने मागून धरायचं, मी जबडा उघडायचा. उघडला. अंगठा आत गेला, गोळी बाहेर राहिली. अबे सोड ना बे, मेलो ना, असं मी बोंबललो म्हणे. मी पुण्याला शिकलेला माणूस, असलं बोलणं शक्य नाही. पण माणिकबाई दारात होती, म्हणजे आता अख्खी पेठ ऐकणार. वर मलाच विचारते, कावून छळता हो मुक्या जीवाले?

आजपासून हौशा होस्टाइल विटनेस.

७ जानेवारी.
उपाशी ठेवायचा. पोटात कावळे ओरडले की गोळीसुद्धा पेढा लागते. चारुशीला म्हणाली, तीन दिवस तो उपाशीच आहे, आणखी काय उपाशी ठेवता? ऐन वेळी टेक्निकल मुद्दे काढायची हिला सवय आहे.

हौशा दिवसभर माझ्यावर डोळे रोखून पडला होता. मनातल्या मनात शिव्या देत असणार. मीही दिल्या. मोठ्याने.

८ जानेवारी.
अकोल्याला तारीख. जुन्या शहरात मावशीकडे मुक्काम. दोन दिवस त्या थोबाडापासून सुटका.

१० जानेवारी, दुपारी.
परतलो. हौशा उठून बसला होता! दूध पितो, शेपूट हलवतो. चार गोळ्या कमी. माझ्या कडकपणाचा परिणाम जरा उशिरा दिसला, एवढंच.

चारुशीलेचं म्हणणं वेगळं. म्हणे माणिकबाई दोन्ही वेळा येऊन देते, परसात त्याच्याजवळ वाकून काहीतरी पुटपुटते, आणि हा एका घासात गिळतो. वा! म्हणजे मंत्रतंत्र! वकिलाच्या घरात! उद्या शालिकराम विचारेल कुत्रा कोणी बरा केला, तर काय सांगू? टोपलीवालीने?

माणिकबाईला अंगणात पाऊल टाकायची मनाई केली. ती म्हणाली, बरं बाप्पा, तुमचं तुमी पहा. गेली. गोळ्यांची डबी खणात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली.

१२ जानेवारी.
हौशाचं तोंड पुन्हा बंद. दूध बंद. ताप चढला. हा सरळसरळ कट आहे. सूत्रधार कोण ते कळलंय. भाजी यापुढे बाजारातून.

१३ जानेवारी.
संक्रांतीचे सहा लाडू बाजूला घेतले. एकात गोळी. खूण म्हणून त्याला वरून जास्त तीळ. बिनतोड योजना. आधी कशी सुचली नाही?

१४ जानेवारी. संक्रांत.
हौशाला लाडू द्यायला निघालो, तेवढ्यात मोरोपंत तिळगूळ घेऊन दारात. जन्मात कधी गोड बोलला नाही हा माणूस. शिष्टाचार म्हणून ताटली पुढे केली. त्यांनी नेमका जास्त तिळाचा उचलला. हावरटपणा, दुसरं काय! चावले, थांबले, ओसरीवरच थुंकले. आता गावभर सांगत फिरताहेत की मी विष घातलं. डिफेमेशनची नोटीस देणार आहे.

उरलेल्या पाचांकडे हौशाने पाहिलंही नाही. मान उचलत नाही. पाठीवर हात ठेवला तर तव्यासारखा चटका बसला. शिवी द्यावी म्हटलं, सुचली नाही.

१५ जानेवारी, सकाळी ६.
श्वास चालू आहे का ते पाहायला तीनदा उठलो. केससाठी. दुसरं काही नाही.

चारुशीला डोळे पुसत म्हणाली, माणिकबाईच्या हातापाया पडा, पण तिला आणा.

७.३०. तिच्या मळ्यात गेलो. वांग्यांना पाणी सोडलं होतं, दोन्ही जोडे चिखलात. ती म्हणाली, मी नाई येत, मले मनाई हाय. मी चिखलातून हललो नाही. मग तिलाच राहवलं नाही. म्हणाली, म्हातारा घास द्याच्या आधी हौशाले दंडवत घालते. जीव तो जीव, म्हनते. तुमी खाली वाका, हौशाजी दंडवत म्हना, मंग पहा. हे तुला कुणी सांगितलं, असं मी दरडावून विचारलं. ती म्हणाली, म्या कुठची सांगनारी? म्हातारा तुमालेच सांगून राहिला होता ना!

८.१५. हौशाला उचलून घरात आणलं. दार लावलं. खिडक्या लावल्या. कोट काढून खुंटीला टांगला, कोटाचा मान असतो. गुडघे टेकले. कपाळ टेकलं. म्हटलं, हौशाजी, दंडवत.

त्याने एक डोळा उघडला. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या तळहातावरची गोळी चाटून घेतली आणि गिळली. तेवढी कडू गोळी, बिनतक्रार.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. तीळ गेला असावा.

संध्याकाळी पुन्हा दंडवत. गोळी. वर चार घोट दूध.

१७ जानेवारी.
शालिकराम आले, डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी. हौशा लटपटत उठला आणि त्यांच्या पायांत शिरला. वाचला लेकाचा.

म्हातारा त्याच्या बरगड्या चाचपत बसला. मग डबी मागितली. दहा गोळ्या तशाच. नऊ हौशाच्या पोटात, एक मोरोपंतांच्या तोंडात. मी सगळी अडचण कायदेशीर भाषेत समजावली. ते शांतपणे म्हणाले, वकीलसायेब, समोर बसून माझी गोठ तुमी ऐकली नाई, तं कोर्टात माझी गोठ काय सांगान? कागद मोरोपंतांकडे गेले.

हौशाला बैलगाडीत घेण्याआधी म्हाताऱ्याने अंगणात वाकून दंडवत घातला. सवयीने माझा हात वर गेला. मग खाली पाहिलं. हौशा त्यांच्यासमोर उभा होता. चार तारखेलाही तोच होता. वर गेलेल्या हाताने डोकं खाजवलं.

संध्याकाळी भूक नव्हती. ताटावरून तोंड फिरवून बसलो. चारुशीलेने दोनदा सांगितलं, जेवून घ्या. मी ऐकलं नाही. मग ती पदर सावरून पाटासमोर वाकली आणि म्हणाली, दंडवत जी, घ्या आता.

जेवलो.