डाव्या ओळीतली वासरं

६ जून
सगळं बदललं ते आज सकाळी — नादिनाने माझ्या हातातली बादली हिसकावली तेव्हा! "एवढं गार दूध पाजतात का वासराला, अर्धे डॉक्टर?" पशुवैद्यकीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून इथे राबायला आलोय, म्हणून हे नाव. दुसरं कोणी म्हणालं असतं तर कानफटात दिली असती. हिच्याकडे नुसता बघत राहिलो. कामातून गेलो मी.

९ जून
आणखी एक वासरू हगवणीने गेलं. नादिना त्याच्या खुंट्याशी चिखलातच बसून राहिली. मालकाची पोर, पण वासरं सगळी तिचीच. मी शेजारी उभा.

१० जून
म्हाताऱ्याशी भांडलो. एवारिस्तो — तिचा बाप, माझा मालक. म्हटलं, दुधात जिवंत जंतूंची पावडर घाला, दह्यात असतात तसले जंतू, पोट धरतं. मित्राने डबा पाठवलाय. म्हातारा येर्बा-मातेचा कडू चहा नळीने चोखत हसला. "कॉलेजने हाकललं ते बरंच केलं. आजारी वासरांना जंतू पाजतोय!"
हाकललं नाही, मी सोडलं! टेबलावर मूठ आपटली.
शेवटी ठरलं. वासरांच्या उजव्या ओळीला मी पाजायचं, पावडर घालून. डावीला नादिनाने, नुसतं दूध. महिन्याने बघायचं. "लबाडी केलीस तर चालता हो."

२१ जून
उजवी ओळ ठणठणीत. डावीतली तीन ढाळतायत. नादिना बोलत नाही माझ्याशी. "ह्यांनी काय पाप केलंय?" एवढंच. मी म्हटलं, त्याशिवाय फरक कळणार कसा? — मूर्ख आहे मी!

२७ जून
डावी ओळही सुधारली. कशी काय?

११ जुलै
"बिनपावडरीचीही तगली की!" म्हातारा सगळ्यांसमोर ओरडला. पावडर बंद. डबा त्याच्या कपाटात.
पण तो डबा उचलला तेव्हा हाताला हलका लागला होता. फारच हलका. नादिनाला विचारलं.
"मग? तुझ्या प्रयोगापायी मरू द्यायची होती?"
मग हळूच, "बाबांना सांगू नकोस. मला वासरांजवळ फिरकू द्यायचे नाहीत. रोसारियोला मावशीकडे धाडतील. शपथ घे."
घेतली. हात धरला होता तिने माझा!

१९ जुलै
नवी वासरं. दोन गेली.

२० जुलै
तिसरं गेलं. नादिना रडत होती. "कर ना काहीतरी, फेर्मिन!"
काय करू? तोंड तूच बांधलंस माझं!

२१ जुलै
सांगून आलो. म्हणालो, पावडर दोन्ही ओळींना मीच घातली, चोरून. वासरांची दया आली.
म्हाताऱ्याने बोटं मोजली. "म्हणजे पावडर होती तेव्हा एकही मेलं नाही."
"नाही."
"बंद केली आणि तीन गेली." उठला, कपाट उघडलं, डबा टेबलावर ठेवला. "नादिना, आजपासून सगळ्यांना घाल." मग माझ्याकडे वळून, "आणि तू, लबाडा, निघ."
ती किटलीपाशी होती. पाठमोरी. वळली नाही.
बॅग भरून झाली. वही वरून टाकतो. दार लावून निघतो.