खाली बसलेलं माणूस

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय, आणि नव्या खोलीत सकाळचं ऊनही येतं.

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय.

माझं काम काय, ते तुला नीट सांगायचं राहिलंच. काडेपेटीएवढ्या यंत्राला आम्ही कॅमेरा जोडलाय. घरात म्हातारं माणूस पडलं, तर ते मुलांना कळवतं. स्मरणशक्ती इवलीशी, त्यामुळे फोटो साठवत नाही. बघतं आणि विसरतं, अगदी बाबांसारखं.

पण कुणी जमिनीवर बसलं, तरी ते बोंब मारायचं. त्याला शिकवायला घेतलेल्या फोटोंत सगळे खुर्चीवर बसणारे. साहेब म्हणाले, "जमिनीवर बसतं कोण?" मी म्हटलं, "माझी आई."

मग दिवसभर मीच कॅमेऱ्यासमोर तुझ्यासारखी बसले, एक पाय दुमडून, भाजी निवडत. उठताना तुझ्यासारखाच भिंतीला हात. सगळे हसले, पण आता त्याला बसणं वेगळं आणि पडणं वेगळं, हे कळतं.

आणखी एक शिकवलंय. बसलेलं माणूस बराच वेळ उठायचं नाव घेत नसेल, तरी कळवायचं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू शेवटपर्यंत जागची हलली नाहीस. बेल वाजली, बाबा उठले. चहाही बाबांनी केला, आणि साखर कुठे आहे ते तू त्यांना बसल्या जागेवरून सांगितलंस.

आई, कधी पडलीस?

तुझी,
धाकटी