झाडलेली कपार

३ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

ज्या खडी क्रशरच्या पगारावर मी शिकले, तोच क्रशर टेकडीजवळून हलवा असं मी कोणत्या तोंडाने लिहून द्यायचं? बी.ए.च्या एकाही पेपरात हा प्रश्न नव्हता, आणि खरं सांगते, मला उत्तर येत नाही.

झालंय असं. आपल्या टेकडीच्या कपारीतल्या प्राचीन चित्रांची फाईल आमच्या पुरातत्त्व कार्यालयात आली आणि बाईंनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, ती नेमकी माझ्या टेबलावर ठेवली. तो भाग माझ्या ओळखीचा आहे एवढंच त्यांना ठाऊक. तुम्ही त्याच क्रशरवर ऑपरेटर आहात हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. फोटोत हरणांचा कळप धुळीने इतका पांढरा पडलाय की शिंगं तेवढी दिसतात. हातात हात घालून नाचणारी माणसं तर निम्मी दिसेनाशी झालीत. हजारो वर्षं टिकलेलं आपल्या डोळ्यांदेखत पुसून जायचं? कंपनी म्हणते, धूळ जुनीच आहे, क्रशरचा काही संबंध नाही. पुढच्या गुरुवारी समिती पाहायला येणार. अहवाल मी लिहायचा. तो चांगला झाला तर मला कायम करतील असं दिसतंय.

पण तुमचं काम गेलं तर? आईला यातलं काही सांगू नका. ती फक्त पाहुणे येणार एवढंच ऐकेल आणि तयारीला लागेल.

गोंधळलेली,
तुमची चिमी

९ फेब्रुवारी, सोमवार

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

आईला सांगू नका, हे तू अगदी शेवटी लिहिलंस. तोवर पत्र तीच मोठ्याने वाचून दाखवत होती! व्हायचं ते झालं. लेकीच्या ऑफिसातली माणसं येणार आणि कपार अशी कळकट, म्हणून आज ती झाडू घेऊन वर गेली. मी शिफ्टवरून येतो तो काय, बाईसाहेब पाण्याची घागर घेऊन दुसऱ्या फेरीला निघालेल्या! घागर हिसकावली. चित्रांना पाण्याचा थेंब लागलेला नाही, मऊ झाडूने वरवर झटकलंय. वर जाऊन पाहून आलो, हरणं जागच्या जागी आहेत. पण धूळ गेली. आता समितीला दाखवणार काय? आईचं तोंड एवढंसं झालंय.

तुझा प्रश्न मलाही सुटत नाही. क्रशर बंद झाला तर आम्ही सगळे घरी बसू, हे खरं. धूळ कुठली, हे तर मला विचारायलाच नको, रोज माझ्या नाकातून निघते. तू खरं ते लिही. माझे हातपाय अजून चालतात.

तब्येतीला जप.
तुझा बाबा

१३ फेब्रुवारी

चि. चिमीस आईचे आशीर्वाद.

बाबांवर सोपवलं तर चार ओळींत गुंडाळतील, म्हणून मीच लिहिते. काल समिती येऊन गेली. मी वाटेकडे डोळे लावून बसले होते, पण तू आली नाहीस. तुझ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ते तिचं तीच सांगेल. हे काय गौडबंगाल आहे?

कपार लख्ख बघून कंपनीचे मॅनेजर खुलले. कुठे आहे धूळ, दाखवा, म्हणाले. जी थोडीफार आहे ती म्हणे बाबा आदमच्या काळची. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेवढ्यात बाईंनी दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. पांढरंफटक! मला पुढे बोलावून विचारलं, हे कधी झाडलंत? म्हटलं, सोमवारी, कोपऱ्यांसकट, माझ्या झाडण्याला कोणी नाव ठेवून दाखवावं. मग त्या मॅनेजरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, सोमवारी झाडलेल्या दगडावरची धूळ इतकी जुनी कशी? धूळ क्रशरचीच, हे साहेबांना मान्य करावं लागलं.

समितीने ठरवलं, क्रशर टेकडीपलीकडच्या पडीक जागेत जाणार, वरून पत्र्याने झाकणार. माणसं तीच राहणार, हे बाईंनी मॅनेजरांकडून सर्वांसमोर वदवून घेतलं. बाबांना सायकल जास्त मारावी लागेल. पोट सुटलंय, बरंच होईल. मला मात्र कपारीत पुन्हा हात लावायची सक्त मनाई झाली आहे.

तू का आली नाहीस ते आधी कळव.
तुझी आई

१७ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचून भर ऑफिसात रडले. शेजारच्या क्लार्कने घाबरून विचारलं, घरी सगळं बरं ना? म्हटलं, इतकं बरं आहे की काही विचारू नका. छातीवरचा धोंडा उतरला.

बाबा, तुमचं पत्र बुधवारी मिळालं. आईने काय केलं ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. आधी त्यांनी कपाळाला हात लावला, पाणी लागलं नाही ना एवढं विचारलं, आणि मग हसू लागल्या.

अहवाल त्यांनीच लिहिला. त्यावर माझं नाव नाही, आणि माझं कायम होणं पुढच्या वर्षावर गेलंय. आई, हळहळू नकोस. बाबा, तुम्ही खरं ते लिही म्हणालात, पण तुमच्या होकाराने मी तुमची मुलगी असायची थोडीच थांबणार होते? क्रशर हलवा असं लिहिलं असतं तरी मन खात राहिलं असतं, हलवू नका असं लिहिलं असतं तर त्याहून जास्त. म्हणून तुमच्या उत्तराची मी वाट पाहिलीच नाही. त्याच्या आधीच्या शनिवारी बाईंपुढे उभी राहिले, माझे वडील त्याच क्रशरवर आहेत असं सांगितलं, आणि फाईल त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

माझ्यावरची माया अशीच राहू द्या.
तुमची चिमी