उद्देश नंबर तीन

बार्शीटाकळी, बुधवार

तीर्थस्वरूप वामनमामास,

किशोरचा दंडवत, एकाच गुडघ्यानं. (दुसरा पंपाच्या ओट्यावरून घसरून सुजून बसला, चालणं मुश्कील आहे.) मामीची कंबर, तुमची साखर अन् आमच्या आईचा डोळा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. मोतीबिंदूसाठी आई तुमच्याकडं अमरावतीले येऊन वीस दिवस झाले, पण खबर लागावी कशी? तुमी मोबाईल कपाटात कुलपात ठेवता, वर म्हणता, वाजून वाजून झिजते. म्हणून हे पत्र. उद्या योगेश अमरावतीले चालला, त्याच्या हाती देतो.

योगेश म्हणजे अकोल्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माहा दोस्त. तो, फुलवाली रूपाली अन् मी, आमी तिघं मातीची ओल मोजायचं यंत्र बनवून राहिलो. डब्यात सर्किट, खाली दोन सळया जमिनीत, वर आकडा. झेंडूले पाणी कधी द्यावं ते आकडा सांगते. खास गोष्ट अशी की याचे नकाशे, चुका, सारं नेटवर खुलं. जगात कोणीही बनवावं, फुकट. पण योगेश म्हणे, अशा कामाले आधी उद्देश ठरवा लागतात, नाहीतर जो तो आपल्याकडं ओढते. मामा, यंत्राले चार दिवस लागले अन् उद्देशाले चार बैठका! पहिल्या बैठकीत 'शेतकरी' लिहावं की 'बागायतदार', यावरून रूपाली उठून गेली. दुसरीत आली ती भरल्या वांग्याचा डबा घेऊन, मग आमी तिचंच ऐकलं. शेवटी चार ओळी ठरल्या. सामान अकोल्याच्या बाजारात मिळालं पाहिजे, ही पहिली. काही लपवायचं नाही, ही दुसरी. तिसरी अशी की कोणीही यावं, बदल करावा, विचारायची गरज नाही. अन् चौथी, बदल करणाऱ्यानं वहीत खूण ठेवावी. (वही यंत्राजवळ पिशवीत टांगली आहे, पेनासकट.)

अन् इथंच मी माती खाल्ली. आपल्या घरची रीत तुमाले ठाऊक आहे, वावरात नवीन काही करायचं तर ज्यानं विहीर खणली त्याच्या कानावर घालायचं. विहीर बाबानं खणली. बाबाले जाऊन दीड वर्ष झालं, पण रीत ते रीत. आठ दिवसांमागं भर दुपारी विहिरीवर नारळ फोडला अन् चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. तिसरी तर दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा ठसका लागला. बाबा जिता असता तर म्हणाला असता, काहून बोंबलून राहिला रे. आपल्या विहिरीत आवाज घुमून वापस येते. त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर चार बोटं खोल रोवलेल्या सळया वीतभर खोल गेलेल्या. सुटलेली वायर केळीच्या सोपटानं बांधलेली, अन् गाठ तीच, बाबा हाराले मारे ती, उलट्या हाताची. महिनाभर वेड्यासारखा पळणारा आकडा मुकाट्यानं बरोबर आला. वहीत अक्षर एक नाही. फक्त ओल्या काळ्या मातीचा अंगठा, मधोमध विळ्याची आडवी चीर. मामा, बँकेतला साहेब आईबाबाचे अंगठे पाहून हसायचा, आठवते? बाबाचा चिरलेला, आईचा जात्यात सापडून चपटा. तो अंगठा मी हजारात ओळखीन. मले घाम फुटला. अन् खरं सांगतो, आनंदही झाला. वही मांडीवर घेऊन लेकरासारखा रडलो.

तेव्हापासून रोज काही ना काही. परवा डब्यावर पळसाच्या पानांची सावली केलेली. (उन्हानं डबा तापून आकडा चुकते, हे योगेशच्याही ध्यानात आलं नव्हतं.) रूपाली म्हणते, तिसरी ओळ खोडा, मी फुलं विकते, भुतं नाही. योगेशले भूत चालते; जगाले कळवताना बदल करणाऱ्याचा ईमेल काय लिहू, एवढाच त्याचा सवाल. रविवारी पाचवी बैठक आहे. तिसरी ओळ खोडली तर बाबा यायचा बंद होईल, मामा. तो जिता होता तेव्हाही बिनबोलावता कोणाच्या वावरात पाय ठेवत नसे. मले तो पुन्हा गमवायचा नाही.

तुमचा भाचा,
किशोर

ता. क. – खरं काम हे, की रविवारी या अन् वडीलधारे म्हणून तिसऱ्या ओळीच्या बाजूनं बोला. रूपाली एक तुमालेच भिते. आईले मात्र यातलं काही सांगू नका. ती म्हणेल, मले सोडून एकटेच वावरात जाऊन राहिले काय हे?

ता. क. दुसरा – पाकीट फोडून लिहून राहिलो. आताच लंगडत वावरातून आलो. आज वहीत दोन अंगठे आहेत. एक चिरलेला. त्याच्या बाजूले, अजून ओला, चपटा. तुमाले चाळीस वेळा फोन लावला, बंद. योगेशले उद्यापर्यंत थांबू दिलं नाही, आत्ताच्या गाडीनं धाडतो. तुमी हे वाचाल तेव्हा तो तुमच्या दारात उभा असेल. मामा, उद्देश गेले चुलीत. आधी आईले बाहेर बोलवा.