मामा, तो कण तुमचा की निसर्गाचा?

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (माझ्या खोलीत तारांच्या भेंडोळ्यांमुळे आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे). तुमचे गुडघे, मामींची मान आणि निवृत्तीच्या दिवशी तुम्ही विभागातून उचलून नेलेली फिरती खुर्ची, सगळं ठणठणीत असेल अशी आशा आहे.

मी बरी आहे. म्हणजे सोमवारपर्यंत होते. पत्र मामींना वाचून दाखवाल, म्हणून सोपं करून सांगते. आपण प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतो. त्यातून निघणारे बहुतेक जड कण तिथल्या तिथे मोडतात. पण निघतो निघतो म्हणत दारात तासभर गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांसारखे काही कण रेंगाळत असावेत आणि चार-पाच मीटर जाऊन मग मोडत असावेत, असा आपला संशय. त्यांच्या मागावर माझी चार वर्षं गेली (आई शेजारी सांगते की मी 'मशीनवर' असते). मोजमापांतला उत्तर जिथे असेल तो भाग पद्धत पक्की होईपर्यंत बघायचा नाही, हा आपला दंडक, कारण माणसाला हवं तेच दिसतं. त्यात जाताजाता तुम्ही जाहीर केलंत, की आम्ही झोपा काढतो की काय हे बघायला तुम्ही एखादी खोटी नोंद आत सोडाल, किंवा सोडणारही नाही. खरं काय ते बंद पाकिटात आणि पाकीट लोखंडी कपाटात. संगणकात मागमूस ठेवायचा नाही, हाही तुमचाच हट्ट.

सोमवारी तो भाग उघडला. एकच नोंद निघाली, पण काय देखणी! टकरीपासून चार मीटर लांब, जिथे काही म्हणजे काही नाही, तिथून दोन रेघा निघालेल्या. मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसायचं विसरले. मग अकरा जणांसमक्ष पाकीट फोडलं. आत तुमच्या चष्म्याचा नंबर. डावा उणे दीड, उजवा उणे दोन. आपल्या शंकासुराने (तोच, जो लिफ्ट आल्यावरही बटण दाबत राहतो) ही सांकेतिक भाषा असल्याचं ठरवलं आणि अर्धा तास फळ्यावर खपून तुमच्या उजव्या डोळ्यातून कणाचं वस्तुमान काढलं. ते निघालंही, हे विशेष.

मी तडक तुमच्या चष्मेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेबांनी दिलेल्या कागदावर नंबर नव्हताच, भलतंच काहीतरी होतं. मी डोळे नव्याने तपासले आणि कागद परत दिला." त्याने तो वाचायचा प्रयत्नही केला होता म्हणे, पण तुमचं अक्षर आजवर कोणाला लागलंय? मामींना फोन केला, तर कोट खिशातल्या कागदांसकट धुतला गेलेला. लगदा निघाला, एवढंच त्यांना आठवतं.

बाकी इकडे सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. समितीला तुमच्या सहीचं उत्तर हवं आहे: खोटी नोंद सोडली होती की नव्हती? सोडली असेल, तर मी झोपा काढत नव्हते एवढंच सिद्ध होईल आणि दोन महिन्यांनी माझी नेमणूक संपेल. नसेल सोडली, तर तो कण खरा, आणि पुढचं मला लिहवत नाही.

ता. क. २. आठवत नसेल, तर 'आठवत नाही' एवढंच लिहा. लहानपणी पत्ते खेळताना तुम्ही हुकमाचा एक्का मांडीखाली दडवून मुद्दाम हरायचात. मला ते तेव्हाही कळायचं आणि तरी मी घरभर नाचायचे. या वेळी मला खरं काय ते जाणून घ्यायचं आहे. मामा, कृपा करून मला जिंकू देऊ नका.