पिवळे हात

गुरुवार, संध्याकाळ

अंगणवाडीत चुंबकाच्या रंगीत चौकोनांचा डबा आला त्या दिवशी मीच चार वर्षांच्या मुक्तावर खेकसले होते, "हळदीचे हात लावू नको, डाग पडतेत!" तिची आई हळद शिजवायला जायची, लेकरू सोबत; त्याचे हात पिवळेच असायचे. मग तपासणीला नवा दिसावा म्हणून डबा कपाटात. पाच महिने! काहून ठेवला मी?

आज सुपरवायझर मॅडमनी तो उघडला. "खेळा," म्हणाल्या. एकही लेकरू हलेना. चौकोन एकमेकांना चिकटतात, हेच कुणाला ठाऊक नाही. मुक्ता हात पाठीमागे धरून उभी.

"काहून गं?" मी विचारलं.

"ताई, डाग पडतेत."

मी तिचे हात पुढे ओढले. स्वच्छ होते. हळदीचा हंगाम कधीच सरला होता.