मोरी तुंबते म्हणून

गुरुवार, नऊ तारीख, दुपारचे चार

माझ्या नकटूबाईस,

आजीचा आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचा असेल तर घे, नसेल तर टेबलावर ठेव. आशीर्वाद नासत नाही.

इकडे सगळं बरं आहे. दोन्ही गुडघे एकमेकांशी भांडतात, डावा कान अर्धा दिवस रजेवर असतो, बाकी यमाला माझा पत्ता सापडेना झालाय. तुझा मामा रविवारी आला आणि फ्रीज पुसून गेला. बोलायला काही नसलं की तो पुसतो. घर कसं आरशासारखं झालंय बघ.

अक्षर आहे खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईचं. तीस वर्षं कचेरीत साहेबांनी सांगितलेलं टाइप केलं, आता निवृत्त होऊन माझ्या तावडीत सापडली. एवढं लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "अगं, इतका वेळ बोलले आणि एवढंच? उरलेलं कुठे सांडलंस?" तर म्हणते, "आजी, मध्ये तुम्ही मांजराला शिव्या दिल्यात, त्या मी घेतल्या नाहीत."

फोन करणार होते, पण तू उचलत नाहीस. उचललास तरी फोनवर मी सराईतपणे खोटं बोलते. समोर कुणी पेन उघडून बसलं की जीभ जरा जपून चालते. म्हणून पत्र.

वीस तारखेला सुनावणी आहे हे माझ्या लक्षात आहे. तू म्हणालीस, "आजी, तुला यावंच लागेल." मी म्हणाले, "गुडघे." तू म्हणालीस, "शेजारच्या डॉक्टरीणबाईच्या लग्नात चार तास उभी होतीस, तेव्हा गुडघे माहेरी गेले होते का?" मला हसू आलं, आणि तेच तुला झोंबलं. दार आपटून गेलीस. दोन महिने झाले.

टायपिस्टबाईला सगळं ठाऊक नाही, म्हणून तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते. तूही ऐक.

तुझे आजोबा मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, बॉयलरखोलीत कामाला होते. वर ऑपरेशन चालायचं, स्वयंपाक व्हायचा, चादरी उकळायच्या, त्या सगळ्याला वाफ खालून जायची. वाफेचे नळ गार होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर पांढरा लेप द्यायचे. पोत्यातली भुकटी बादलीत ओतायची, पाणी घालून हातानेच कालवायची, नळावर थापायची. जुना लेप तडकला की खरवडून काढायचा आणि नवा द्यायचा. ते ॲस्बेस्टॉस होतं, हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. हे घरी यायचे ते भुतासारखे पांढरे होऊन. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात डॉक्टरांचे कपडे धुतले जायचे, नर्सचे धुतले जायचे. बॉयलरवाल्यांचे नाही. ते घरी.

तुझे आजोबा हृदयाने गेले, तडकाफडकी. फुफ्फुसांना काही करायला वेळच मिळाला नाही. पण तुझी आई! जन्मभर ग्रंथालयात बसून पुस्तकं दिली-घेतली तिने. ना बिडी, ना कारखाना. आणि बावन्नाव्या वर्षी फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, "ही धूळ तुम्हाला कुठे भेटली?" तिने आठवून आठवून सांगितलं, "बाबांच्या कपड्यांत."

म्हणून ती गेल्यावर तू हॉस्पिटलवर हा दावा लावलास. बरं केलंस. हॉस्पिटलचा वकील म्हणतो, धूळ आमची असेलही, पण त्या काळी ती वाईट आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आपल्या वकीलबाई माझ्याकडे आल्या. जरा गोड बोलल्या, मग विचारलं, "आजी, त्या वेळी हॉस्पिटलमधल्या कुणी काही सांगितलं होतं का? घरी कपडे नेऊ नका, असं काही?"

मी म्हटलं, "नाही."

आणि कपडे कोण धुवायचं? मी म्हटलं, "मी. पोर इकडेतिकडे खेळत असेल."

टायपिस्टबाईने पेन थांबवलंय. म्हणते, "आजी, चहा टाकू का?" नको म्हटलं. लिही.

तुझा मामा पोटात होता तेव्हा मला वाकणं जमेना. तुझी आई नऊ वर्षांची. मी तिला कामाला लावलं. मागच्या जिन्यावर उभं राहायचं, बाबांचा सदरा दोन्ही हातांनी धरायचा आणि कठड्यावर आपटून झटकायचा. मग विजार, मग टोपी. ती त्यात रमायची. उन्हात ते पांढरं उडायचं आणि ती ओरडायची, "आई, बघ, मी ढग केला!" मी म्हणायची, "शाबास, आता दुसरा कर." मामा झाला, रांगला, चालायला लागला, तरी काम तिच्याकडेच राहिलं. मला एकदा सुख लागलं की मी ते सोडते होय? पंधरा वर्षांची होईपर्यंत झटकत होती.

इथवरचं वकीलबाईंना अर्धमुर्धं ठाऊक आहे. पुढचं कुणालाच नाही.

ती बारा वर्षांची असेल. एक दिवस हे घरी आले आणि कपडे दाराबाहेरच ठेवले. मी विचारलं, "आज काय सोवळं?" म्हणाले, "नवीन इंजिनीयर आलाय. त्याने आज भिंतीवर नोटीस लावली आणि सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवली. कपडे घरी नेऊ नका. न्यावेच लागले तर झटकू नका, आधी भिजवा. घरातल्या पोरांना लांब ठेवा."

मी म्हटलं, "का?"

"छातीला वाईट असतं म्हणे."

मी काय म्हटलं ते ऐक, नकटू. मी म्हटलं, "भिजवलं की त्याचा चिखल होतो आणि मोरी तुंबते. दोनदा तुंबली. घरमालकाने माझे आईबाप काढले. मोरी उपसायला तुमचा इंजिनीयर येणार आहे का?"

हे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता ना! दुसऱ्या दिवशी पोरीने सदरा झटकला.

चार दिवसांनी हे म्हणाले, नोटीस भिंतीवरून काढली. कपडे घरी न्यायचे नाहीत तर हॉस्पिटलला धुवावे लागणार, आणि धुलाईखान्याच्या मुकादमाने नाही म्हटलं. इंजिनीयरचीही बदली झाली. मी म्हटलं, "बघा, मोठी माणसंसुद्धा विसरली." आणि मीही विसरले. म्हणजे तसं ठरवलं.

वाचून दाखव म्हटलं, तर टायपिस्टबाईने या वेळी न विचारताच उठून चहा टाकला.

तुझी आई शेवटच्या महिन्यात माझ्याकडे होती. मी तिचे केस विंचरत होते, होते तेवढे. ती म्हणाली, "आई, किती मजा यायची गं त्या जिन्यावर." मी केसातला गुंता सोडवत बसले. तिने एकदा मान वळवली असती तर बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे नसते बोलले.

म्हणून गुडघे. कोर्टात उभं राहून सांगायचं ते वकिलाला नव्हे, तुला. हॉस्पिटलला ठाऊक होतं हे सांगायचं तर मलाही ठाऊक होतं हे सांगावं लागतं. एकातून दुसरं वगळता येतं का, हे मी दोन महिने तपासून पाहिलं. नाही येत. बॉयलरखोलीतले बाकी सगळे गेले. ती नोटीस ऐकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेली मी एकटी उरले.

त्यांचा वकील म्हणेल, म्हातारी निरक्षर आहे, हिच्या आठवणीचा काय भरवसा. म्हणू दे. लिहिता येणारी माणसं कागदावर ठेवतात आणि कागद हरवतात. मला सगळं डोक्यातच ठेवावं लागलं, तिथून काढणार कोण?

हे पत्र वकीलबाईंना दे. वीस तारखेला मी येते आहे. मामा गाडी आणेल. सुनावणी संपेपर्यंत त्याला पुसायला काहीतरी द्या. तू माझ्यासमोर बसायचंस की नाही, ते तू ठरव. बसलीस तर मान खाली घालू नकोस. तुझ्याकडे बघूनच मला खरं बोलता येईल.

टायपिस्टबाईने शेवटी आपल्या मनाने 'मला माफ कर' असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. ते मागायचं जिच्याकडे होतं, तिचे केस मी विंचरत बसले.

तुझ्या आईची आई

निशाणी डावा अंगठा
(मजकूर दोनदा वाचून दाखवला. अंगठा त्यांनी स्वतः दिला, मी हात धरला नाही. – लिहिणारी)